थ्रीडी साउंड म्हणजे चारी कोपऱ्यांत बॉक्स नव्हे

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्ताहांच्या आणि गॅदरिंगच्या दिवसांत मराठवाड्यातल्या मंडपवाल्यांच्या फलकांवर हल्ली ‘थ्रीडी साउंड’, ‘३६० डिग्री साउंड’ असे शब्द दिसू लागले आहेत. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच असतो: समोर दोन बॉक्स, मागे दोन, मधल्या खांबांना चार आणि सगळ्यांना एकच वायर. भाडे वाढते, आवाजही वाढतो. महाराज समोर उभे असतात आणि त्यांचा आवाज मात्र पाठीमागच्या खांबातून येतो. दहाव्या ओळीनंतर अभंगाचे शब्द एकमेकांवर चढतात. याला त्रिमितीय आवाज म्हणण्यापेक्षा आवाजाची त्रिस्थळी यात्रा म्हणावे.

आवाज कुठून येतो आहे हे ठरवणारी गोष्ट बॉक्सांची संख्या नाही, तर कोणता आवाज कोणत्या बॉक्समधून किती मिलिसेकंद आधी निघतो, ही आहे. त्यासाठी लागणारे यंत्र, म्हणजे डिले (आवाज ठरावीक मिलिसेकंद रोखून मग सोडण्याची सोय) असलेला डिजिटल मिक्सर, आज तालुक्याच्या गावातल्या साउंडवाल्याकडेही असतो. त्यातला डिले फक्त वापरला जात नाही. सप्ताह कमिट्या, नाटक मंडळी आणि साउंडचे काम करणारी तरुण पोरे यांच्यासाठी हा पत्रप्रपंच.

कान दिशा ओळखतो त्याच्या खुणा तीन. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला उशिरा पोचतो. आवाज थेट बाजूने आला तरी हा उशीर ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांपेक्षा जास्त नसतो, आणि तेवढा मेंदूला पुरतो. दुसरी खूण डोक्याच्या सावलीची. साधारण १,५०० हर्ट्झच्या वरचे आवाज डोक्याला वळसा घालून नीट जात नाहीत, त्यामुळे पलीकडच्या कानाला ते कमी ऐकू येतात. या दोन खुणांची मांडणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली केली. तिसरी खूण कानाच्या बाहेरच्या शिंपल्याची. त्याच्या घड्यांवर आपटून आत जाताना ५ किलोहर्ट्झच्या वरच्या आवाजाचा पोत बदलतो, आणि त्यावरून वर-खाली आणि पुढे-मागे कळते. समोरच्या आवाजाची जागा एका अंशाने सरकली तरी कानाला ते समजते. वर-खालीच्या बाबतीत तो बराच ढोबळ आहे. आणि ८० हर्ट्झच्या खालच्या आवाजाला तर दिशाच कळत नाही. म्हणून बेसचे डबे चारी कोपऱ्यांत ठेवून थ्रीडी होत नाही, फक्त भांडी वाजतात.

मंडपाच्या कामात याहून मोठा नियम वेगळा आहे. जर्मनीत गॉटिंगेनला हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवून दिले की, एकच बोलणे दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आले तर कान पहिल्या आवाजाची दिशा धरतो. दुसरा आवाज १० ते २० मिलिसेकंद उशिरा आला, तर तो पहिल्यापेक्षा १० डेसिबलच्या आसपास मोठा होईपर्यंत वेगळा जाणवत नाही. म्हणजे मागच्या बॉक्सने शब्द स्पष्ट करावेत आणि श्रेय समोरच्या बॉक्सला द्यावे, अशी सोय निसर्गानेच करून ठेवलेली आहे. पुढचे सगळे काम या एका सोयीवर उभे आहे.

मंडप १२० फूट लांब आणि ६० फूट रुंद धरू, म्हणजे साधारण ३६ बाय १८ मीटर. बॉक्स फक्त समोर असतील, पहिली ओळ त्यांच्यापासून ४ मीटरवर आणि शेवटची ३२ मीटरवर बसली असेल, तर अंतर तीनदा दुप्पट होते. मोकळ्या हवेत दर दुपटीला ६ डेसिबल जातात, म्हणजे शेवटच्या ओळीला ७८ डेसिबल द्यायचे तर पहिल्या ओळीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या कानावर ९६ डेसिबल मारावे लागतात. तेच मधे, समोरच्या बॉक्सपासून १६ मीटरवर, दोन मदतीचे बॉक्स मागच्या लोकांकडे तोंड करून लावले, तर समोरच्यांनी १६ मीटरपर्यंतच पोचायचे असते आणि पहिल्या ओळीला ९० डेसिबल पुरतात. इथपर्यंतचे सगळेच करतात. चुकते ते पुढे.

२० अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला २.९ मिलिसेकंद. फुटात मोजणाऱ्यांनी एका फुटाला ०.९ मिलिसेकंद धरावे. १६ मीटरवरचा बॉक्स वायरीतून आलेला आवाज लगेच सोडतो, समोरचा आवाज मात्र हवेतून ४६ ते ४७ मिलिसेकंदांनी येतो. मागे बसलेल्या माणसाला आधी खांब बोलतो, मग महाराज. म्हणून मागच्या बॉक्सला ४७ मिलिसेकंदांचा डिले द्यायचा आणि त्यावर आणखी १० ते १५ मिलिसेकंद चढवायचे. ५८-६० वर काटा आणून ठेवला की मागच्याला आवाज स्टेजवरून आल्यासारखा वाटतो.

ही वरची १०-१५ मिलिसेकंदांची भर कशासाठी, असे विचारले जाते. टेपने मोजलेले अंतर बरोबर असले तरी हवा तीच राहत नाही. डिसेंबरात दुपारी ३० अंश असताना सेटिंग केले तर १६ मीटरला ४५.८ मिलिसेकंद लागतात. रात्रीच्या कीर्तनाला पारा १५ अंशांवर आला की ४७. सव्वा मिलिसेकंदाचा फरक पडला. वर फक्त १ मिलिसेकंदाची भर ठेवली असेल, तर दुपारी सुंदर लागलेला आवाज रात्री मागच्या खांबाकडे उडी मारतो आणि साउंडवाला मिक्सरला दोष देत बसतो. भर १२ ची असेल तर थंडीचा काही परिणाम होत नाही.

टेप नसेल किंवा मंडप वाकडातिकडा असेल तर मोजण्याची आणखी खात्रीची रीत आहे. डिले शून्य ठेवून समोरून आणि मागून एकाच वेळी ‘टक्’ असा छोटा आवाज वाजवायचा आणि मागच्या भागात मध्यावर बसून मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडला की दोन उभ्या रेषा दिसतात: आधी मागच्या बॉक्सची, मग समोरच्याची. त्यांच्यामधले अंतर म्हणजे लागणारा डिले. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झचे असेल तर ४८ सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंद. मोबाइलचे आवाज ‘सुधारणारे’ पर्याय आधी बंद करावेत, नाहीतर ते दुसरा ‘टक्’ गोंगाट समजून पुसून टाकतात.

मदतीचा बॉक्स किती उंच, याला महत्त्व आहे. तो माणसाच्या उंचीवर खांबाला बांधला तर त्याच्यापासून दोन मीटरवर बसलेल्याला तो समोरच्या आवाजापेक्षा १० डेसिबलहून मोठा ऐकू येतो आणि हासचा नियम तिथेच मोडतो. तीन-साडेतीन मीटर उंच बांधून, तोंड खाली करून, ८-१० मीटर पुढच्या लोकांवर रोखावा. तपासणी सोपी: मागे बसून मदतीचा बॉक्स बंद करायला सांगायचे. शब्दांची स्पष्टता गेली आणि आवाजाची जागा हलली नाही, तर काम जमले. जागा हलली तर त्याचा आवाज २-३ डेसिबल कमी करावा.

आणि हो, मागे ब्लूटूथवर पार्टी स्पीकर जोडून वायर वाचवण्याची टूम निघाली आहे, ती बंद व्हायला हवी. ब्लूटूथचा उशीर १५० ते २०० मिलिसेकंदांच्या घरात जातो, म्हणजे तो बॉक्स पन्नास ते सत्तर मीटर लांब ठेवल्यासारखा. तो कमी करायला मिक्सरमध्ये उणे डिले नसतो.

आता खरी त्रिमिती. कीर्तनाची उभी रचनाच मुळात त्रिमितीय आहे: महाराज मधे पुढे, मृदंग एका हाताला, पेटी आणि गायक दुसऱ्या, विणेकरी मागे, टाळकऱ्यांच्या रांगा त्याहून मागे. भोंगा हे सगळे एका भोकातून बाहेर काढतो. ते परत आपापल्या जागी बसवण्यासाठी समोर दोनऐवजी तीन बॉक्स लागतात: डावा, मधला, उजवा. डावा आणि उजवा एकमेकांपासून १२ मीटरवर.

नुसते पॅनचे (आवाज डाव्या-उजव्या बॉक्समध्ये वाटून देणारे) बटण फिरवून हे होत नाही, कारण पॅनची जादू दोन बॉक्सच्या बरोबर मधल्या रेषेवर बसलेल्या आठ-दहा माणसांपुरती असते. मृदंग पूर्ण डावीकडे फिरवला तर उजवीकडच्या बायकांना तो ऐकूच येत नाही. मधे ठेवला तर प्रत्येकाला तो आपापल्या जवळच्या बॉक्समधून येतो. म्हणून आवाज सगळ्या बॉक्समध्ये द्यायचा, पण त्याच्या जागेजवळच्या बॉक्समध्ये आधी आणि मोठा, बाकीच्यांत उशिरा आणि लहान. ही कल्पना नवी नाही. १९७०च्या दशकात पूर्व जर्मनीत डेल्टा स्टिरिओफोनी या नावाने मोठ्या सभागृहांसाठी नेमके हेच बांधले गेले. तेव्हा त्याला कपाटभर यंत्रे लागत.

आजच्या ३२ चॅनेलच्या डिजिटल मिक्सरवर ते असे जमवावे. एकच माईक दोन चॅनेलवर घ्यायचा. महाराजांचा माईक पहिल्या चॅनेलवर आला की तो फक्त मधल्या बॉक्सच्या बसवर (म्हणजे मिक्सरमधून त्या बॉक्सकडे जाणाऱ्या वाटेवर) द्यायचा, डिले शून्य. तोच माईक सतराव्या चॅनेलवरही घ्यायचा, त्याला १३ ते १५ मिलिसेकंदांचा डिले आणि ३ डेसिबल कमी आवाज देऊन डाव्या-उजव्या बसवर सोडायचा. १३ का? डाव्या बॉक्सच्या समोर ५ मीटरवर बसलेल्याला तो बॉक्स ५ मीटरवर असतो आणि मधला ७.८ मीटरवर. फरक २.८ मीटर, म्हणजे ८ मिलिसेकंद. मधला आवाज त्याच्याकडेही आधी पोचायचा तर ८ वर आणखी ५ हवेत.

मृदंगाला हाच हिशेब लावायला गेले की गाडी अडते, आणि ती का अडते हे समजून घेण्यासारखे आहे. मृदंग डाव्या हाताला आहे असे धरू. उजव्या बॉक्ससमोर १० मीटरवर बसलेल्याला उजवा बॉक्स १० मीटरवर आणि डावा १५.६ मीटरवर पडतो. फरक १६ मिलिसेकंदांचा, म्हणून त्यालाही मृदंग डावीकडून यायला हवा असेल तर उजव्या बॉक्सला २० मिलिसेकंदांचा डिले द्यावा लागेल. पण मग डाव्या बाजूला बसलेल्याला उजव्या बॉक्सची थाप आधीचे १६ आणि हे २० मिळून ३६ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. गाण्याच्या स्वराला ३० मिलिसेकंद पचतात. थापेला पचत नाहीत. ‘धा’चा ‘धाधा’ होतो आणि मृदंगमणी समजतात की कोणीतरी एको लावला. म्हणून मृदंगाला उजव्या बॉक्ससाठी १० ते १२ मिलिसेकंद आणि ५ डेसिबल कमी, एवढ्यावर थांबावे, आणि उजवीकडच्या टोकाच्या पट्ट्यातल्या लोकांना मृदंग उजवीकडूनच ऐकू येईल हे मान्य करावे. सगळ्या जागांवर सगळे बरोबर, असे कोणतेही यंत्र देत नाही. तसा दावा करणाऱ्याकडून सुपारी परत घ्यावी.

टाळांचे दुखणे वेगळे. टाळाचा आवाज वरच्या पट्टीतला, सहज घुसणारा. टाळकरी महाराजांच्या माईकमागे चार फुटांवर उभे असतील, तर तुम्ही टाळांना कुठलीही जागा द्या, ते महाराजांच्या माईकमधून मध्यावर येऊन बसतातच. तोंड आणि माईक यांच्यात जेवढे अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये असावे, हा जुना नियम इथे कामी येतो. स्टँडचा माईक वीतभर लांब धरून गाण्याची सवय असेल तर जागा-बिगा सगळे विसरावे. दोन बोटांवर येणारा हेडसेट माईक घ्यावा आणि मगच हा खटाटोप करावा. टाळांना स्वतंत्र माईक बहुधा लागतच नाही.

जोडीतल्या दोन्ही चॅनेलांचा इक्वलायझर (वरचे-खालचे सूर कमी-जास्त करणारा) आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) तंतोतंत सारखा हवा. एकीकडे कॉम्प्रेसर जास्त दाबत असेल, तर महाराज तान घेताना मधला आवाज बसतो, बाजूचे तसेच राहतात आणि महाराज दर तानेला दोन्हीकडे सांडतात. दोन्ही फेडर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्या) एका डीसीए गटात, म्हणजे एकाच दांडीने दोन्ही हलतील असे, बांधावेत. मिक्सरच्या चॅनेलवर डिले नसेल, फक्त आउटपुटवर असेल, तर इफेक्टमधला साधा डिले घ्यावा: फीडबॅक शून्य, मिक्स १०० टक्के, एकच पुनरावृत्ती. सगळे जमले की सीन, म्हणजे मिक्सरची सगळी सेटिंग, सेव्ह करावा. आपल्याकडची वीज कीर्तनाच्या रंगात जाते, चालीच्या आधी नव्हे, आणि जनरेटरवर उठलेला मिक्सर कालचीच अवस्था घेऊन उठतो. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस मिक्सरपुरता ठेवला तर तेही टळते.

या पद्धतीचा एक सापळा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा पडतो. डिले दिलेला आणि न दिलेला आवाज हवेत, दोन बॉक्समधून, एकत्र आला तर ठीक. तोच वायरीत एकत्र आला तर काही सूर कापले जातात. १ मिलिसेकंदाच्या फरकाने ५००, १५००, २५०० हर्ट्झवर खड्डे पडतात. १५ मिलिसेकंदांच्या फरकाने दर ६७ हर्ट्झला एक खड्डा, कंगव्याच्या दातांसारखा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. मंदिरावरच्या भोंग्याची लाइन, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणाऱ्या पोराच्या कॅमेऱ्याची लाइन, या सगळ्या मोनो, म्हणजे सगळे एकाच वायरीत घेणाऱ्या, असतात. त्यांना डावा अधिक उजवा दिला की मंडपात वाहवा आणि मोबाइलवर शिव्या. त्यांच्यासाठी वेगळी मॅट्रिक्स किंवा बस काढावी आणि तिच्यात फक्त डिले नसलेली मूळ चॅनेले घ्यावीत.

दुसरी हमखास चूक वायरीची. एखाद्या एक्सएलआर जॅकमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांच्या वायरी उलटसुलट झाल्या की एक बॉक्स आत ओढतो तेव्हा दुसरा बाहेर ढकलतो. बेस गायब होतो, मधल्या रेषेवर उभे राहिले तर आवाज समोर न राहता डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटतो. काही जण यालाच थ्रीडी समजून खूश असतात! मधे उभे राहून दोन्ही बॉक्सना तोच ‘खस्स’ आवाज द्यावा. तो नाकासमोर एका ठिकाणी गोळा झाला पाहिजे. साध्या बॉक्सच्या मोठ्या स्पीकरला पेन्सिल सेल क्षणभर लावून पाहिले तरी कळते: धन टोक लाल टर्मिनलला लावल्यावर कागद पुढे यायला हवा. वरच्या छोट्या ड्रायव्हरला मात्र सेल लावू नये.

नाटकवाल्यांची गरज उलटी असते. त्यांना आवाज जागेवर बसवायचा नसतो, हलवायचा असतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या तयारीत आपल्याकडच्या मंडळींना हटकून लागणारा आवाज म्हणजे फाट्यावरून जाणारी लालपरी. ती डावीकडून उजवीकडे नुसती पॅन केली तर एसटी गेल्यासारखे वाटत नाही, कोणीतरी रेडिओ हातात धरून पळाल्यासारखे वाटते. तीन गोष्टी राहिलेल्या असतात. ताशी ६० किलोमीटरने समोरून जाणाऱ्या गाडीचा सूर येताना चढा आणि जाताना उतरता असतो. दोन्हींतला फरक साधारण दीड ते पावणेदोन अर्धस्वरांचा. तो उतार गाडी अगदी समोर असताना पटकन यावा लागतो, सहा सेकंदांत सावकाश पसरवला तर गाडीऐवजी सनई वाटते. दुसरे, लांबच्या गाडीचा वरचा आवाज हवेत विरलेला असतो, म्हणून लांब असताना ४ किलोहर्ट्झच्या वरचे कापावे आणि जवळ येताना १२ पर्यंत उघडत न्यावे.

तिसरी गोष्ट घुमाराची, आणि अंतराचा भास मुख्यतः तिच्यावरच असतो. कान अंतर मोजतो ते थेट आवाज आणि घुमार यांच्या प्रमाणावरून. रिव्हर्बला (घुमार तयार करणाऱ्या इफेक्टला) जाणारा सेंड प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच निघणारा, ठेवावा. मग फेडर खाली ओढला की थेट आवाज कमी होतो, घुमार तसाच राहतो आणि आवाज दूर जातो. सेंड पोस्ट-फेडर असेल तर दोन्ही एकत्र कमी होतात. आवाज लांब जात नाही, नुसता बारीक होतो. जवळच्या आवाजाला रिव्हर्बचा प्री-डिले (थेट आवाजानंतर घुमार सुरू होईपर्यंतचा वेळ) २५-३० मिलिसेकंद द्यावा, लांबच्याला जवळजवळ शून्य. घुमार आपल्या मातीतला हवा असेल तर मराठवाड्यात बारवांना तोटा नाही. शांत वेळी बारवेच्या पायऱ्यांवर फुगा फोडून ६-७ मीटरवरून रेकॉर्ड केला की कन्व्होल्यूशन रिव्हर्बला (खऱ्या जागेच्या नमुन्यावरून तसाच घुमार देणाऱ्या इफेक्टला) लागणारा नमुना तयार. वेरूळ-अजिंठ्याला हा उद्योग करू नये. पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि मधमाश्या तर परवानगी विचारतही नाहीत.

मागून पुढे येणारा आवाज हवा असेल तर मागे दोन बॉक्स हवेतच, पण पुढच्या आणि मागच्या बॉक्सच्या मधे, कानाच्या रेषेत, आवाज थांबवता येत नाही. तिथे तो तरंगतो आणि मान हलवली की पळतो, कारण कान डावी-उजवीकडे लावलेले आहेत, पुढे-मागे नाहीत. बाजूच्या भिंतीला एकेक छोटा बॉक्स लावणे हा एकच उपाय. पौराणिक नाटकातल्या आकाशवाणीसाठी तर इक्वलायझरशी झटापट करूच नये. ८ किलोहर्ट्झ वाढवून उंचीचा थोडा भास होतो, पण तो माणसागणिक बदलतो. वरच्या बारला एक छोटा बॉक्स बांधावा. तीन बॉक्सच्या त्रिकोणात आवाज कुठेही बसवण्याचे गणित फिनलंडच्या विले पुल्की यांनी १९९७ साली मांडले, आणि मोफत सॉफ्टवेअरमध्येही ते मिळते. पण तेही बॉक्स वर असेल तरच वर नेते. सिनेमागृहांत २०१२ पासून आलेले डॉल्बी अ‍ॅटमॉस १२८ ट्रॅक आणि ६४ बॉक्सपर्यंत जाते, आणि छताला बॉक्स टांगण्यापासून तेही सुटलेले नाही.

मंगल कार्यालयांबद्दल थोडेच लिहितो, कारण तिथे करण्यासारखे थोडेच आहे. ३० बाय १८ मीटरचा, ६ मीटर उंच, फरशी आणि पत्र्याचा हॉल अडीच सेकंद घुमत असेल, तर चांगल्या नेमक्या तोंडाच्या बॉक्सपासूनसुद्धा साधारण साडेसहा मीटरनंतर थेट आवाजापेक्षा घुमार मोठा होतो. तिथे मिलिसेकंदांची कारागिरी पाण्यात. आधी मागच्या भिंतीला जाड पडदे, खाली सतरंज्या आणि गाद्या. माणसे भरली की आणखी फरक पडतो. बॉक्स छोटे, जास्त आणि लोकांच्या जवळ ठेवावेत.

मोबाइलवर फिरणाऱ्या ‘८डी’ गाण्यांचाही खुलासा करायला हवा. आठ मिती वगैरे काही नसते. तयार गाणे डावीकडून उजवीकडे गरागरा फिरवून वर रिव्हर्ब ओतलेला असतो. हेडफोनवर खरी दिशा द्यायची तर प्रत्येक कानाला पोचणारा आवाज डोके आणि कानाचा शिंपला कसा बदलतात, ते मोजलेले फिल्टर वापरावे लागतात, आणि तेही मिक्स झालेल्या गाण्यावर नव्हे, तर एकेका वाद्यावर. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६०च्या दशकात मॅनफ्रेड श्रोडर यांच्याबरोबर, दोन साध्या बॉक्समधूनही असा आवाज कसा द्यावा याचे मूळ काम करणारे बिष्णू अटल हे कानपूरचे. फिल्टर दुसऱ्याच्या डोक्यावर मोजलेले असले की समोरचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो. मान वळवताना आवाज जागेवर ठेवणारे हेडफोन असतील तर ही गल्लत बरीच कमी होते. कीर्तनाचे असे रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी एक साधी प्रतही सोबत द्यावी, कारण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला हे फिल्टर नुसतेच नाकात बोलल्यासारखे ऐकू येतात.

शेवटचे, कमिट्यांसाठी. सुपारी देताना बॉक्स किती आणि वॅट किती हे विचारण्यापेक्षा मागच्या बॉक्सला किती मिलिसेकंद देणार, हे विचारावे. ‘एको काढून टाकतो’ असे उत्तर आले तर समजून जावे. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी सेटिंग झाल्यावर चार माणसांना मंडपाच्या चार भागांत डोळे मिटून बसवावे, स्टेजवर कोणाला तरी बोलायला लावावे आणि आवाज येतो तिकडे बोट दाखवायला सांगावे. चारही बोटे स्टेजकडे गेली तर भाडे पूर्ण द्यावे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक आहेच. राज्य सरकार काही दिवस सूट देते, पण तीही रात्री बारापर्यंतचीच, म्हणून काकड्याला हे सगळे बंद ठेवूनच टाळ वाजवावेत. बॉक्सची अंतरे, त्या दिवशीचे तापमान आणि दिलेले डिले एका चिठ्ठीवर लिहून ती मिक्सरच्या झाकणाला आतून चिकटवावी, म्हणजे पुढच्या गावात टेप पुन्हा शोधावी लागणार नाही.

आपले,
ध्वनिव्यवस्थेचे काम करणारे काही जण,
परभणी